हक्काचा अर्धा तास

दुपारचे अडीच वाजलेले असतात. सकाळी आठला कामावर लागलेला माणूस अजून लाइनवर उभाच असतो. डबा लॉकरमध्ये, पोटात सकाळचा चहा आणि सुपरवायझरचे रोजचेच उत्तर : "एवढा लॉट निघू दे, मग जा." तो मुकाट्याने हात चालवत राहतो. जेवणाची सुट्टी साहेबांच्या मर्जीवर असते, काम हलके असेल तर मिळते, नाहीतर नाही, असे त्याने धरून चाललेले असते.

हा समज चुकीचा आहे आणि तो अनेक कारखान्यांत, दुकानांत, गोदामांत वर्षानुवर्षे टिकून आहे. पाळीच्या मध्ये मिळणारा अर्धा तास कायद्याने दिलेला आहे. तो कधी मिळायला हवा, किती सलग हवा, त्या वेळात काय करायला लावता येत नाही आणि तो मिळत नसेल तर कोणाकडे जायचे, हे सगळे ठरलेले आहे. हा हिशेब प्रत्येक कामगाराला तोंडपाठ असावा, म्हणून हा लेख.

हा अर्धा तास आला कुठून?

तो मुंबईच्या गिरण्यांतून आला. १८८४ मध्ये महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि हजारो कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या मोजक्या आणि नेमक्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी, रोज दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार आणि कामावर जखमी झालेल्याला आधार. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी मान्य केली, ती गोष्ट आपल्याला माहीत असते. दुपारचा अर्धा तासही त्याच निवेदनात होता, हे मात्र आपण विसरतो. १८९१ च्या कारखाने कायद्यात दुपारी अर्धा तास काम थांबवण्याची तरतूद आली.

लोखंड्यांच्या मागणीत 'कामगारांना थोडी उसंत द्यावी' असे मोघम काही नव्हते. 'दुपारी, अर्धा तास' असे घड्याळात मोजता येईल असे शब्द होते. सुट्टी मागायची ती अशीच. दमलो म्हणून मागितली की समोरचा "अजून थोडं कर" म्हणू शकतो. वेळ झाली म्हणून मागितली की त्याला घड्याळाकडे बघावे लागते.

मूळ हिशेब : पाच तास, अर्धा तास

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ५५ ने घातलेला नियम साधा आहे. कोणत्याही प्रौढ कामगाराकडून सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही. त्याआधी त्याला निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळालीच पाहिजे. लेखी आदेशाने सूट मिळाली तरी हे पाच तास फार तर सहापर्यंत नेता येतात.

दुकाने, हॉटेले, कार्यालये यांच्यासाठी असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यातही पाच तास आणि अर्धा तास हेच प्रमाण आले. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात तेच होते आणि बांधकाम कामगारांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांतही तेच. कापड गिरणी असो, मॉल असो, ट्रक असो की इमारतीचे बांधकाम, माणसाचे शरीर तेच, म्हणून हिशेबही तोच.

कायदा बदलतो आहे, तेव्हा काय बघायचे?

२०२५ मध्ये दोन मोठ्या गोष्टी घडल्या. सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कामाचे तास वाढवण्याचा आणि विश्रांती पाच तासांऐवजी सहा तासांनंतर देण्याचा निर्णय घेतला. दुकानांचा कायदा दहाऐवजी वीस कामगारांपासून लागू करण्याचा निर्णयही तेव्हाचाच. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती याविषयीची २०२० ची संहिता दिवसाला आठ तास काम ठरवते आणि मध्ये विश्रांती किती व केव्हा द्यायची हे अधिसूचना काढून ठरवण्याचे काम सरकारवर सोपवते. नवी घडी बसेपर्यंत जुन्या कायद्यांतल्या संबंधित तरतुदी आणि नियम चालू राहतील, असे केंद्र सरकारने संहिता लागू करतानाच सांगितले आहे.

या बदलांमुळे गोंधळून जाऊ नका. पाच की सहा या आकड्यावर चर्चा आहे, पण विश्रांतीचा अर्धा तास कुठेही कमी झालेला नाही. तुमच्या ठिकाणी नेमका कोणता आकडा चालतो हे कळण्यासाठी दोन गोष्टी बघा. पहिली, कामाच्या वेळांचा सूचना फलक. कारखान्यात पाळीची सुरुवात, मधली सुट्टी आणि शेवट यांच्या वेळा कामगारांना वाचता येतील अशा लावण्याचे बंधन जुने आहे, आणि फलकावर लिहिलेल्या वेळेबाहेर काम घेणे हाच नियमभंग मानला गेला आहे. दुसरी, तुमचे नेमणूकपत्र. नव्या संहितेनुसार प्रत्येक कर्मचाऱ्याला ते द्यावेच लागते. नसेल मिळाले तर आधी ते मागा.

घड्याळ कसे मोजायचे?

सुरुवातीचा माणूस घेऊ. सकाळी आठ ते दुपारी अडीच म्हणजे साडेसहा तास. पाच तासांचा नियम धरा की सहा तासांचा, दोन्हींत हे बसत नाही. इथे वाद घालण्यासारखे काही उरतच नाही. आता नेहमी समोर येणारे काही प्रसंग पाहू.

*दहा दहा मिनिटांचे दोन चहा.* "दोनदा चहाला सोडतो की, वेगळी सुट्टी कशाला?" नियम निदान अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा आहे. चहाची दहा मिनिटे ही चांगली प्रथा आहे, ती चालू राहावी, पण तुकडे जोडून जेवणाची सुट्टी पूर्ण होत नाही.

*सुट्टी घेऊ नको, अर्धा तास लवकर घरी जा.* हा व्यवहार दोघांनाही सोयीचा वाटतो, म्हणून तो फार चालतो. पण विश्रांती पाळीच्या मध्ये यावी हाच नियमाचा गाभा आहे. आठ तास सलग काम करून लवकर सुटलेला कामगार शेवटचे तीन तास थकलेल्या हातांनी यंत्र चालवत असतो. तुम्ही राजी असलात तरी हा सौदा नियमात बसत नाही.

*ओव्हरटाइमचा दिवस.* इथे सगळ्यात जास्त चूक होते. सुट्टी संपली की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. सकाळी आठला लागलात, साडेबारा ते एक जेवलात आणि ओव्हरटाइम धरून रात्री आठपर्यंत थांबलात, तर एक ते आठ असे सलग सात तास होतात. म्हणजे संध्याकाळी दुसरी सुट्टी देणे लागते. ओव्हरटाइमचे दुप्पट पैसे मिळाले म्हणून ती दुसरी सुट्टी माफ होत नाही.

*रात्रपाळी.* रात्री अकरा ते सकाळी सात या पाळीलाही हाच हिशेब लागू आहे. रात्री कॅन्टीन बंद असते म्हणून सुट्टीही बंद, असे होत नाही. रात्रपाळीवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९४८ च्या कायद्याप्रमाणे मध्यरात्रीच्या पुढे जाणाऱ्या पाळीत साप्ताहिक सुट्टीचे चोवीस तास पाळी सुटल्यापासून मोजायचे. रविवारी सकाळी सातला सुटलात तर सुट्टी सोमवारी सकाळी सातपर्यंत. रविवारी रात्री अकराला पुन्हा बोलावणे म्हणजे सुट्टीतले आठ तास कापून घेणे.

कोणती सुट्टी खरी?

डबा उघडून यंत्राशेजारीच बसायचे, एक डोळा मीटरवर ठेवायचा, बेल वाजली की उठायचे, याला विश्रांती म्हणत नाहीत. सुरक्षारक्षक फाटकावर घास घेता घेता गाड्यांचे क्रमांक लिहीत असेल, काउंटरवरची मुलगी जेवता जेवता गिऱ्हाईक बघत असेल, तर ती माणसे कामावरच आहेत. अशी मिनिटे कामाच्या तासांत मोजली जावीत आणि त्यामुळे दिवसाची मर्यादा ओलांडली तर जादा वेळेचा मोबदला नेहमीच्या दराच्या दुप्पट मिळावा, हा आग्रह धरायला हवा.

भट्टी किंवा बॉयलरसारखी काही कामे तांत्रिक कारणाने थांबवताच येत नाहीत. त्यांच्यासाठी कायद्यात सवलत आहे, पण ती सरकारच्या नियमांत लिहिलेली असावी लागते. मालकाने किंवा मुकादमाने तोंडी सांगून चालत नाही. "आपल्याला सूट आहे" असे कोणी म्हणाले तर आदेश कोणता, कोणत्या तारखेचा, हे नम्रपणे विचारा.

लघवीला जाण्याची पाच मिनिटे मधल्या सुट्टीतून कापणे हाही एक वाईट रिवाज आहे. कारखान्यातली स्वच्छतागृहे कामगारांना तिथे असताना सर्व वेळ वापरता यावीत, असे १९४८ च्या कायद्याचे शब्दच आहेत. शौचालयाची किल्ली सुपरवायझरच्या खिशात ठेवणे किंवा दिवसातून दोनदाच जाऊ देणे या शब्दांशी जुळत नाही. पाणी न पिता पाळी काढणाऱ्या बायकांना लघवीच्या संसर्गाचा त्रास होतो, हे त्यांच्या घरातल्यांना ठाऊक असते. विभागप्रमुखांनाही ठाऊक असायला हवे.

बसायचे कुठे, हाही प्रश्न कायद्याने सोडवला आहे. नव्या संहितेप्रमाणे १०० किंवा अधिक कामगार असतील तिथे कॅन्टीन, ५० पेक्षा जास्त कामगारांच्या कारखान्यात विश्रांतिगृह व जेवणाची खोली, आणि उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय हवी. कंत्राटी कामगारांसाठी या सोयी देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर आहे. "तू ठेकेदाराचा माणूस, तुझा डबा बाहेर खा" असे म्हणण्याला त्यात जागा नाही.

काहींचा हिशेब वेगळा

*चौदा ते अठरा वर्षांची मुले.* चौदाच्या आतल्या मुलांना कामाला ठेवण्यास बंदी आहे. त्यावरच्या किशोरांना धोक्याचे काम देता येत नाही, आणि जिथे काम देता येते तिथे त्यांच्याकडून सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही. त्यानंतर निदान एक तास विश्रांती. विश्रांती धरून त्यांचा कामाचा दिवस सहा तासांचा. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात काम नाही, ओव्हरटाइम तर नाहीच. पुतण्या किंवा भाचा एखाद्या दुकानात लागला असेल तर हे आकडे त्याच्या घरच्यांना सांगा.

*बाळंतपणानंतर कामावर आलेली आई.* बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत तिला रोज बाळाला पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी आहे, आणि ती नेहमीच्या मधल्या सुट्टीखेरीज. जिथे पाळणाघर देणे बंधनकारक आहे तिथे तिला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायचे, त्यात मधल्या सुट्टीतली भेटही धरायची. अनेक बायका लाजेने किंवा नोकरीच्या भीतीने हे मागतच नाहीत. सोबतच्या मैत्रिणींनी तिच्यासाठी बोलावे.

*चालक.* १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने पाच तासांनंतर अर्धा तास याशिवाय दोन दिवसांच्या कामामध्ये सलग नऊ तासांची विश्रांती सांगितली. चालकाची झोप हा प्रवाशांच्याही जिवाचा प्रश्न आहे. मालट्रक किंवा खासगी बस बाळगणाऱ्यांनी फेऱ्यांचे वेळापत्रक लावताना आधी हे नऊ तास आखावेत, मग किलोमीटर.

जिथे कायदा अजून पुरेसा पोचत नाही

चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताई, ऊसतोड करणारी जोडपी, शेतमजूर, तीन माणसांच्या दुकानातला नोकर यांच्यापर्यंत पाच तासांचा हा नियम पूर्णपणे पोचत नाही. घरकामगारांसाठी राज्यात २००८ चा कायदा आहे, पण तो कल्याण मंडळाचा आहे, कामाच्या तासांचा नाही. छोट्या जागी काम करणाऱ्यांना २०१९ च्या वेतन संहितेचा थोडा आधार आहे. तिच्यात कामगारांची किमान संख्या घातलेली नाही, आणि ठरलेल्या मध्यंतरासह कामाचा दिवस किती तासांचा असावा व सात दिवसांत एक दिवस विश्रांती, हे सरकारला ठरवता येते.

पण इथे कायद्याआधी तुम्ही-आम्हीच मालक आहोत. घरी कामाला येणाऱ्या बाईंना दुपारी पंखा लावून पंधरा मिनिटे बसा म्हणणे, शेतात बारा ते तीनच्या उन्हात काम बंद ठेवणे, दुकानातल्या मुलाला त्याचे ताट शांतपणे संपवू देणे, यासाठी कलम लागत नाही. स्वतःचा अर्धा तास हक्काचा मानणाऱ्याने दुसऱ्याचाही तसाच मानावा.

सुट्टी मिळत नसेल तर

आधी लिहून ठेवा. पंधरा दिवस रोज चार वेळा टिपा : कामाला लागलो किती वाजता, सुट्टी मिळाली किती वाजता, परत लागलो किती वाजता, सुटलो किती वाजता. एका छोट्या वहीत, तारखेसह. "आम्हाला कधीच सुट्टी मिळत नाही" हे वाक्य सहज खोडता येते. पंधरा तारखा खोडता येत नाहीत.

मग बोला. सुपरवायझरवर वरून उत्पादनाचा दबाव असतो, त्याला नियम ठाऊक नसतो असेही पुष्कळदा दिसते. चारचौघांत त्याला कोंडीत पकडू नका. बाजूला घेऊन वही दाखवा आणि उपाय सुचवा : "साहेब, दोन तुकड्यांत जेवायला सोडा, लाइन थांबणार नाही." शक्यतो दोघे-तिघे मिळून जा. एकट्याची मागणी तक्रार वाटते, तिघांची मागणी सूचना वाटते.

बोलून भागले नाही तर लेखी अर्ज द्या. तो असा असावा :

*प्रति, व्यवस्थापक.*
*विषय : जेवणाची सुट्टी वेळेवर मिळण्याबाबत.*
*महोदय, आम्ही खाली सही करणारे पॅकिंग विभागातील पहिल्या पाळीचे कामगार आहोत. आमच्या पाळीची वेळ सकाळी ८ ते सायंकाळी ४.३० असून सूचना फलकावर जेवणाची सुट्टी १२.३० ते १ अशी आहे. मात्र या महिन्यात ३, ४, ६ आणि ७ तारखेला आम्हाला दुपारी २ नंतर सोडण्यात आले व २० मिनिटांत परत बोलावण्यात आले. फलकावरील वेळेप्रमाणे सलग अर्धा तास सुट्टी मिळावी आणि त्या वेळात लाइनवर बदली माणसाची व्यवस्था व्हावी, ही विनंती. या अर्जाची पोच मिळावी.*

एवढे पुरे. रागाचे शब्द नकोत, जुनी गाऱ्हाणी नकोत. एक विषय, तारखा आणि मागणी. दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्या. ती देत नसतील तर अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

२० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी. तिच्यात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असतात आणि अर्ज आल्यापासून ३० दिवसांत तिने काम निकाली काढायचे असते. युनियन असेल तर तिच्यामार्फत जा.

तिथेही दाद लागली नाही तर सरकारी दार आहे. कारखान्यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. दुकान, हॉटेल, कार्यालय यांसाठी मुंबईत महापालिकेचे दुकाने व आस्थापना खाते, इतरत्र कामगार आयुक्तांचे जिल्ह्यातले कार्यालय. जाताना वहीची आणि अर्जाची प्रत, ओळखपत्र, पगारपत्रक बरोबर न्या. नाव फुटेल याची भीती स्वाभाविक आहे. तक्रार कोणाकडून आली हे निरीक्षकाने गुप्त ठेवायचे, हे बंधन १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने कायद्यात आले होते. अर्ज देतानाच "माझे नाव गुप्त ठेवावे" असे लिहून द्या.

मालकांसाठी दोन शब्द

दहा-बारा माणसांचा छोटा कारखाना चालवणाऱ्याची अडचण खरी असते. एक माणूस उठला की यंत्र थांबते. यावर उपाय वेळापत्रकात आहे. सगळ्यांना एकदम न सोडता अर्ध्या तासाच्या दोन किंवा तीन फेऱ्या लावा. प्रत्येक यंत्रावर शेजारच्या एकाला तरी तयार करा, म्हणजे सुट्टीपुरता तो हात देईल. सुट्टीच्या वेळा फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि त्या वेळी स्वतः लाइनवर एक चक्कर मारा. मालकाने "अजून जेवला नाहीस?" असे एकदा सर्वांसमोर विचारले की सुपरवायझरलाही नियम कळतो. शिवाय दमलेल्या माणसाचा हात यंत्रात जाऊ शकतो, आणि त्या दिवशी वाचवलेला अर्धा तास कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

उद्या पाळीवर निघताना डब्याच्या पिशवीत एक छोटी वही आणि पेन टाका. पहिल्या पानावर तारीख घाला, खाली चार वेळा. पंधरा दिवसांनी शेजारच्या यंत्रावरच्या माणसाची वही तुमच्या वहीशेजारी ठेवून बघा. दोन्हींत सुट्टीची वेळ रोज पुढे सरकत असेल, तर अर्ज तुम्ही दोघांनी मिळून लिहायचा आहे.